निवडून काढलेला दाणा जातो कुठे?

कोयनाकाठ
७ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार. कराड तालुक्यात आमची थोडी शेती आहे. यंदा अर्धा एकर उन्हाळी भुईमूग होता. मे अखेरीस उपटला आणि दुसऱ्याच दिवशी वळवानं गाठलं. ताडपत्री टाकेपर्यंत निम्म्या शेंगा भिजल्या. पुढे चार दिवस गच्चीवर वाळवल्या. वरून खडखडीत वाटल्या म्हणून पोत्यांत भरून पडवीत भिंतीला लावून थप्पी मारली. सात पोती झाली. पोती युरियाची, धुऊन घेतलेली.

परवा चटणीला शेंगा हव्या होत्या म्हणून आईनं तळातलं पोतं उघडलं. हात घातला तर आत ऊब. शेंगांवर राखाडी-हिरवी भुकटी आणि कोंदट वास. भिंतीकडची दोन पोती अशी निघाली. दोन दिवस घरातले सगळे बसून फोडत आणि निवडत होतो. काळपट, सुरकुतलेले, बुरशी धरलेले दाणे बाजूला काढले, ते आठ किलो भरले.

आता प्रश्न असा आहे. आत्या म्हणते, घाण्याला टाक, तेवढंच तेल निघेल. शेजारचे अण्णा म्हणतात, म्हशीला घाल. आणि दर पावसाळ्यात मोटारसायकलवर फिरणारा एक व्यापारी आहे, तो असले दाणे निम्म्या भावानं नेतो. गेल्या वर्षी मी त्याला सहा किलो दिले होते. काल तो आला तेव्हा सहज विचारलं, हे पुढं कुठं जातात? म्हणाला, "चटणीला. तिखटात रंग झाकतो."

तेव्हापासून ते गेल्या वर्षीचे सहा किलो माझ्या डोक्यातून जात नाहीत. कुणाच्या ताटात गेले असतील? काल त्याला "दोन दिवसांनी या" म्हणून परत पाठवलं. इथं शेतीतले, दुधाच्या धंद्यातले, प्रयोगशाळेतले लोक आहेत म्हणून विचारतोय. या आठ किलोचं काय करू? आणि चांगले म्हणून जे ठेवलेत, ते खरंच चांगले आहेत का?


तासगावची_वहिनी
७ जुलै, रात्री १०.१५

दादा, एवढं मनाला लावून घेऊ नका. पावसाळ्यात दाण्याला थोडी बुरशी येतेच. आमच्या सासूबाई फडक्यानं पुसून घ्यायच्या आणि कढईत खरपूस भाजायच्या. भाजल्यावर सगळं मरतं. आजवर कुणाला काही झालेलं नाही.


मिरजेचा_सूक्ष्मदर्शक
७ जुलै, रात्री ११.०५

वहिनी, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगतो, हे खरं नाही. मी तीस वर्षं प्रयोगशाळेत काम केलं, आता निवृत्त आहे. भाजल्यावर बुरशी मरते, पण बुरशीनं दाण्यात सोडलेलं विष मरत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि घरोघरी इथंच गल्लत होते.

कोयनाकाठ यांनी जी राखाडी-हिरवी भुकटी सांगितली, ती बहुतेक ॲस्परजिलस फ्लेव्हस किंवा तिच्या जातकुळीतली बुरशी असावी. ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. त्यातलं बी-१ हे सगळ्यांत वाईट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं अफ्लाटॉक्सिनला पहिल्या गटात ठेवलंय, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्यांच्या यादीत. मार लागतो तो यकृताला. ज्याला कावीळ ब चा जुना संसर्ग आहे, त्याला हा धोका कितीतरी पटींनी जास्त. शुद्ध बी-१ मोडायला २६० अंशांच्याही वर तापमान लागतं. आपल्या कढईतला दाणा तिथवर पोचायच्या आत कोळसा होईल. भाजण्यानं विष काही प्रमाणात कमी होतं, हे खरं. पण किती उरलं ते जिभेला कळत नाही. त्याला रंग नाही, वास नाही.

"कुणाला काही झालं नाही" याचं उत्तरही त्यातच आहे. पोट बिघडलं असतं तर दुसऱ्या दिवशी कळलं असतं. हे थोडं थोडं वीस-पंचवीस वर्षं पोटात जातं, आणि मग यकृताचं दुखणं निघालं की त्याचा संबंध दाण्याशी कुणी लावत नाही.

मात्र एकदम जास्त गेलं तर वेळ लागत नाही. १९७४ मध्ये राजस्थानात बांसवाडा आणि गुजरातेत पंचमहाल या आदिवासी भागांत अवेळी पावसानं मका भिजला. लोकांकडे खायला दुसरं नव्हतं, त्यांनी तोच खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी झालं आणि शंभरावर माणसं गेली. त्या गावांतली कुत्रीही तशीच मेली, कारण त्यांच्या वाट्याला तीच भाकरी होती. हे विष मुळात सापडलं तेही भुईमुगातच. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची लाखभर पिल्लं मेली. शोधता शोधता माग लागला तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीचा.

आपल्याकडच्या कायद्यानं खायला तयार दाण्यांत किलोमागे १० मायक्रोग्रॅम आणि पुढे प्रक्रिया व्हायच्या दाण्यांत १५ मायक्रोग्रॅम एवढीच मुभा आहे. हे आकडे डोळ्यांसमोर येत नाहीत, म्हणून असं बघा: शंभर टन दाण्यांत मिळून दीड ग्रॅम. युरोपात तर थेट खायच्या दाण्यांना ४ मायक्रोग्रॅमच चालतं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. निवडणं हा फार चांगला उपाय आहे, कारण विष सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं. बरंचसं त्या थोड्या सुरकुतलेल्या, रंग गेलेल्या, किडक्या दाण्यांतच असतं. तुम्ही आठ किलो काढलेत म्हणजे मोठा वाटा काढलात. पण ज्या दोन पोत्यांत ऊब होती, त्यांतले "चांगले" दाणे मी तरी घरात ठेवले नसते. दुखेल, पण सांगणं भाग आहे.


कोयनाकाठ
७ जुलै, रात्री ११.३०

वाचलं. आईलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, कधी कधी खाताना एखादा दाणा कडूजहर लागतो, तो तोच का?


मिरजेचा_सूक्ष्मदर्शक
७ जुलै, रात्री ११.४०

पुष्कळदा तोच. आईंना सांगा, तो गिळू नका, थुंका आणि चूळ भरा. पण म्हणून कडू नाही तो चांगला, असा उलटा अर्थ लावू नका. आणि खवट वेगळं. खवट म्हणजे दाण्यातल्या तेलाला हवा, उजेड नि उष्णता लागून ते उतरलेलं असतं. त्यात बुरशी असेलच असं नाही, पण तसा दाणाही खाण्यात अर्थ नाही.


विट्याचा_घाणा
८ जुलै, सकाळी ७.२०

माझा लाकडी घाणा आहे, वडिलांपासूनचा. आत्याबाई म्हणतात ते मी रोज ऐकतो. "हे चांगले दाणे खायला ठेवलेत, हे जरा खराब आहेत, याचं तेल काढा." गिऱ्हाईक स्वतःच्या घरचं तेल काढायला आलेलं असतं. पोरांच्या डोक्याला नाही, पोरांच्या पोळीला लावायला.

मोठ्या कारखान्यात तेल शुद्ध करताना त्यावर क्षार घालून प्रक्रिया करतात, पुढे रंग काढतात, त्यात हे विष निघून जातं. घाण्यात तसलं काही नसतं. आम्ही तेल निवळवतो, कापडातून गाळतो, एवढंच. बरंचसं विष पेंडीत राहतं हे खरं, पण तेलात उतरतंच नाही असं नाही. तळाचा गाळ आला तर नक्कीच. म्हणून घाण्याच्या तेलाला जो दाणा लागतो, तो खायच्या दाण्याइतकाच निवडलेला हवा. लोकांना हे उलटं वाटतं, तेल म्हणजे उरल्यासुरल्याची सोय.

दोन वर्षांपूर्वी मी पाटी लावली की वास आलेला दाणा घाण्यात घालणार नाही. काही जुनी गिऱ्हाइकं तुटली. एक काका तर म्हणाले, "माझे दाणे, माझं तेल, तुला काय करायचंय?" पण एका खराब घाणीनंतर लाकडात जे मुरतं, ते पुढच्या गिऱ्हाइकाच्या तेलात जातं. घाणा दर वेळी धुऊन वाळवता येत नाही. म्हणून मी माझ्या शब्दावर आहे. आत्याबाईंना हे सांगा.


दूधसंकलन_फलटण
८ जुलै, सकाळी ८.०५

म्हशीला घालायचं म्हणणाऱ्या अण्णांसाठी लिहितोय. म्हशीनं तो दाणा खाल्ला की एका दिवसाच्या आत विष दुधात उतरतं. रूप बदलतं, त्याला एम-१ म्हणतात. खाल्लेल्यातला शंभरात एक-दोन वाटा दुधात येतो, कधी जास्त. दूध तापवून ते जात नाही. त्याचं दही लावा, पनीर करा, तिथंही राहतं. कायद्यात दुधासाठी मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम आहे.

त्यातल्या त्यात बरं एवढंच की घालायचं बंद केलं की तीन-चार दिवसांत दूध साफ होतं.

संकलन केंद्रावर आम्ही फॅट बघतो, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून बाकीचे घन घटक बघतो, पाणी घातलंय का बघतो. गावपातळीवर हे विष कुणी बघत नाही. पावसाळ्यात गोठ्यात भिजलेली सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, मक्याचा भरडा असतो. शेतकरी म्हणतो, "जनावर खातंय की." जनावर खातं, आणि त्याचं दूध गावातलं सगळ्यांत लहान लेकरू पितं. माझी मुलगी त्या वयाची आहे म्हणून हे जास्त टोचतं.

कोंबड्यांना तर मुळीच घालू नका. त्यांच्या पिल्लांनाही हे विष बाधतं.


रानपाखरू
८ जुलै, सकाळी ९.१०

राहिलेल्या पाच पोत्यांसाठी साधा उपाय सांगतो. धान्यात घालायच्या गोळ्या येतात, कापडात बांधून पोत्याला एक टाका आणि खोली बंद करा. कीड नाही, बुरशी नाही. आमच्याकडं ज्वारीला टाकतोच.


साताऱ्याची_परिचारिका
८ जुलै, सकाळी ९.२५

कृपा करून असं करू नका. कोयनाकाठ दादा, गोळ्या आणल्या असतील तर घरात ठेवूसुद्धा नका.

त्या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतल्या ओलीनं त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. तीन ग्रॅमची एक गोळी साधारण एक ग्रॅम वायू सोडते. दाराच्या फटीतून, छताच्या कौलातून तो शेजारच्या खोलीत जातो, आणि तिथं माणसं झोपलेली असतात. त्याला उतारा नाही. मी अतिदक्षता विभागात काम केलंय. सकाळी उलट्या, छातीत धडधड, लोकांना वाटतं जेवण बाधलं, आणि दुपारपर्यंत रक्तदाब हाताला लागत नाही. लहान मुलं आधी जातात. ते चेहरे मी विसरलेले नाही, म्हणून एवढं कळकळीनं लिहितेय.

सर्वसामान्य माणसाला या गोळ्या विकायला आपल्याकडं परवानगीच नाही, त्या फक्त प्रशिक्षित माणसानं गोदामात वापरायच्या आहेत. दुकानात मागितल्यावर मिळतात ही वेगळी गोष्ट. पडवी म्हणजे घरच. लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा वास आला तर आधी माणसं बाहेर काढा, धान्य नंतर.


मिरजेचा_सूक्ष्मदर्शक
८ जुलै, सकाळी ९.४०

ताईंशी शंभर टक्के सहमत. शिवाय त्या गोळ्या किड्यासाठी आहेत. दाण्यात तयार झालेलं विष त्यानं रेघभरही कमी होत नाही.


रानपाखरू
८ जुलै, सकाळी १०.३०

ताई, माफ करा. आमच्या घरी ज्वारीच्या खोलीला लागूनच आई झोपते. आजच गोळ्या काढतो. त्यांची विल्हेवाट कशी लावू?


साताऱ्याची_परिचारिका
८ जुलै, सकाळी १०.३५

खोलीत एकट्यानं जाऊ नका, पोत्यात हात घालू नका. आधी सगळ्यांना लांब न्या, मग बाहेरून दारं-खिडक्या उघडा. गोळ्यांवर पाणी अजिबात टाकू नका, पाण्यानं वायू जोरात सुटतो. तालुका कृषी कार्यालयात फोन करा आणि जाणकार माणूस बोलवा. आईंना आज रात्री दुसरीकडं झोपवा. कुणाला मळमळ, डोकेदुखी, दम लागणं असं काही वाटलं तर थेट दवाखाना.


खटावचा_शेतकरी
८ जुलै, दुपारी २.५०

वय अठ्ठ्याहत्तर. मी सांगतोय, नातू लिहितोय.

कोयनाकाठ, तुमचं दाणं पोत्यात बिघडलं असं तुम्हाला वाटतंय. निम्मं पोत्यात बिघडलं, निम्मं रानातच बिघडलं होतं. भुईमुगाची शेंग जमिनीत असते आणि ही बुरशीबी जमिनीतच असते. शेंग भरताना शेवटच्या तीन-चार आठवड्यांत पाण्याचा ताण बसला आणि माती तापली की शेंगेचा जोर कमी होतो, मग बुरशी आत शिरती. आमच्या माण-खटावात हे कायमचं दुखणं. त्यात हुमणीनं, वाळवीनं शेंगेला भोक पाडलं की दारच उघडं. म्हणून आऱ्या, म्हणजे फुलातनं जमिनीत शिरून शेंग धरणारे दोरे, सुटल्यावर आम्ही रानात कुळव घालत नव्हतो, आणि खुरप्याचा घाव शेंगेला बसू देत नव्हतो. जिप्सम टाकलं की टरफल दणकट होतं, तेवढा बचाव.

पूर्वी कराड ४-११ हा पसऱ्या वाण असायचा, काढणीला लई कष्ट. आता उपट्या वाणानं काम हलकं झालं. पण काढल्यावर येल उलटा, शेंगा वर आणि पाला खाली असा लावायचा, ते पोरं विसरली. ढीग घालतात. ढिगात वाफ धरती. एक दिवस ढीग राहिला तरी काम झालं.

वाळलं का नाही हे टरफलावरनं बघायचं नाही. टरफल दोन दिवसांत वाळतं, दाणा नाही. शेंग कानाशी हलवायची, खुळखुळ आवाज यायला हवा. दाणा चोळल्यावर लाल साल सुटली पाहिजे, दाताखाली कटकन तुटला पाहिजे, वाकता कामा नये. शिकलेली माणसं सांगतात की दाण्यात सात टक्के आणि शेंगेत आठ-नऊ टक्क्यांपेक्षा जास्त ओल नको. बाजार समितीत किंवा गोदामात ओल मोजायचं यंत्र असतं, मूठभर शेंगा घेऊन जायचं. रात्री गच्चीवर उघड्या ठेवल्या की दवानं पुन्हा ओल धरतात, संध्याकाळी गोळा करून झाकायच्या. तुम्ही चार दिवस वाळवल्या म्हणता, त्यातल्या रात्री मोजल्या का?

सगळ्यांत मोठी चूक सांगतो, ती तुम्ही केली नसंल पण आख्खा जिल्हा करतो. शेंगा फोडताना बोटं सोलतात म्हणून बाया आधी शेंगांवर पाणी मारतात. यंत्रावर फोडताना दाणा फुटू नये म्हणूनबी मारतात. काही वजन वाढावं म्हणून मारतात, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. वाळलेल्या दाण्याला पाणी पाजायचं आणि पोत्यात कोंडायचं, म्हणजे बुरशीला पेरणीच झाली. मी माझ्या सुनांना एवढंच सांगितलं, लागतील तेवढ्याच फोडा, बाकी शेंगेतच राहू द्या. टरफलासारखा डबा माणसाला अजून करता आलेला नाही.

युरियाचं पोतं वापरू नका, कितीबी धुतलं तरी. त्याला श्वास नाही, वास जात नाही, आणि त्यात खत होतं. गोणपाट उन्हात तापवून घ्या. खाली लाकडाच्या फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर. भिंत पावसाळ्यात पाणी सोडती, तुमची बिघडलेली दोन्ही पोती भिंतीकडचीच निघाली ना?

आणि चिंचेखाली शेंगा वाळवू नका. शेंगेला भोक पाडणारा जो भुंगेरा असतो तो चिंचेवर राहतो. आमच्या खळ्यावर चिंच होती, वडिलांनी खळं हलवलं. तेव्हा मला कारण कळलं नव्हतं, पुढं कृषी खात्याच्या एका साहेबानं सांगितलं.


कोयनाकाठ
८ जुलै, दुपारी ३.२०

आजोबा, रात्री मोजल्या नाहीत. चारही रात्री शेंगा उघड्याच होत्या. आमच्या अंगणात चिंचही आहे.


खटावचा_शेतकरी
८ जुलै, दुपारी ३.४५

चिंच तोडू नका. शेंगा गच्चीवर वाळवा, अंगणात नको. एवढंच.


सांगलीवाडी_महिला_गट
८ जुलै, सायंकाळी ६.३०

आम्ही अकरा जणी मिळून भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि चिक्की करतो. कोयनाकाठ भाऊ, तुम्ही लिहिलेलं "तिखटात रंग झाकतो" हे वाक्य आम्ही आज सगळ्यांना वाचून दाखवलं. आम्हालाही असला माल स्वस्तात द्यायला माणसं येतात. नमुना चांगला दाखवतात आणि पोत्याच्या मध्यभागी दुसरंच निघतं. आता आम्ही वजन करायच्या आधी प्रत्येक पोतं पालथं करतो, आणि व्यापाऱ्यासमोर चाळणी लावतो. बारीक, सुरकुतलेला दाणा खाली पडला की तो परत. फुटका दाणा घेत नाही, लाल साल गेलेला घेत नाही. चटणीला वेगळा आणि भडंगाला वेगळा असा दाणा आमच्याकडं नाही.

हे आमच्याकडं २०१९ च्या पुरानंतर आलं. ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ५७ फुटांच्या वर पाणी गेलं, तेव्हा आमच्या खोलीत कमरेएवढं होतं. दाण्यांची चार पोती माळ्यावर चढवली होती, दोन खाली राहिली. पाणी उतरल्यावर बघितलं तर त्यातलं एक पोतं वरून अर्धं कोरडं. नुकसान एवढं झालेलं, जीव होईना टाकायचा. वरचा अर्धा भाग काढून पसरला. आठव्या दिवशी त्यात जाळं आणि हिरवी बुरशी. गोणपाट वातीसारखं पाणी वर ओढतं, हे तेव्हा समजलं. आणि पुराचं पाणी म्हणजे गटारासकट सगळं. आम्ही ते पोतं उचललं तेव्हा आमच्यातली एक जण रडली, पण त्यातला एक दाणाही गिऱ्हाइकाकडं गेला नाही.

बुरशीइतकंच महत्त्वाचं आणखी एक आहे, त्यावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. कच्च्या दाण्यावर माती असते, उंदीर-पालीची घाण असते, त्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. कोरड्या, तेलकट दाण्यात ते वाढत नाहीत पण महिनोन्महिने जिवंत राहतात. भाजल्यानं मरतात. मग चूक होते ती भाजल्यानंतर. ज्या पाटीत कच्चे दाणे आणले, त्याच पाटीत भाजलेले ओतले जातात. ज्या हातानं पोतं उचललं, त्याच हातानं साल काढली जाते. अमेरिकेत २००८-०९ मध्ये एका कारखान्याच्या शेंगदाणा लोण्यामुळं सातशेच्या वर लोक आजारी पडले आणि नऊ जण दगावले. कारखान्याचं छप्पर गळत होतं. तपासणीत जंतू सापडूनही माल विकला, म्हणून मालकाला २०१५ मध्ये २८ वर्षांची शिक्षा झाली. गळकं छप्पर आपल्यातल्या किती जणींच्या खोलीला आहे, ते आपलं आपण बघू या.

आमच्याकडं कच्च्याच्या पाट्या निळ्या आणि भाजलेल्याच्या पांढऱ्या. कच्च्या बाजूला काम करणारी बाई भाजलेल्या बाजूला येत नाही, आलीच तर हात धुऊन, एप्रन बदलून. दाणे गरम असताना डब्यात भरत नाही. गरम भरले की झाकणाला आतून घाम येतो आणि तो घाम परत दाण्यावर पडतो. पूर्ण गार झाल्यावर भरायचे. घरी कूट करणाऱ्या बहिणींनी एवढं एक पाळलं तरी कूट लवकर वास धरणार नाही. कूट थोडंच करायचं, ओला चमचा घालायचा नाही, आठ दिवसांपेक्षा जास्त लागणार असेल तर फ्रीजमध्ये.

पाकिटावर "यात शेंगदाणे आहेत" असं ठळक छापतो. भडंगात दाणे दिसतात, पण चटणीच्याच मिक्सरमध्ये आम्ही जवसाची चटणीही वाटतो. कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर तेवढा अंशही श्वास कोंडायला पुरतो. कायद्यातही ते छापणं बंधनकारक आहे.


वाईची_आई
८ जुलै, रात्री ८.४५

एक छोटी भर. बदाम रात्री भिजवून सकाळी देतो आपण. दाणा कोरडा असतो तोवर जंतू वाढत नाहीत, भिजला की वाढतात. म्हणून भिजवलेलं भांडं ओट्यावर दिवसभर राहू देऊ नका. रात्रीचे सकाळीच संपवा, नाहीतर फ्रीजमध्ये. आणि चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खा दाणा नको, ठसका लागून श्वासनलिकेत अडकतो. त्यांना कूट किंवा लाडू.


कवठेमहांकाळ_शिक्षक
८ जुलै, रात्री ९.१०

वाचतोय. एक शंका. कोयनाकाठ यांनी मूठभर दाणे प्रयोगशाळेत तपासून घेतले आणि अहवाल चांगला आला, तर दोन पोत्यांतले चांगले दाणे खाता येतील ना? उगाच टाकायचे कशाला?


मिरजेचा_सूक्ष्मदर्शक
८ जुलै, रात्री ९.३०

सर, मुठीनं नाही कळत. विष एखाद्या दाण्यात भरपूर आणि बाजूच्या शेकडो दाण्यांत शून्य असं असतं. तो एक दाणा तुमच्या मुठीत आला तर अहवाल भयंकर, नाही आला तर निर्धोक. म्हणून मोठ्या मालाचा नमुना घेताना पोत्यापोत्यांतून, वरून-खालून थोडं थोडं घेऊन काही किलो एकत्र करतात, सगळं दळून एकजीव करतात आणि मग त्यातलं थोडं तपासतात. इक्रिसॅटसारख्या कोरडवाहू पिकांवर संशोधन करणाऱ्या संस्थांनी स्वस्त तपासणी संच केलेत, व्यापारासाठी ते उपयोगाचे आहेत. दोन पोत्यांसाठी तपासणीचा खर्च आणि दाण्याची किंमत यांचा मेळ बसत नाही.

उरलेल्या पाच पोत्यांसाठी आजोबांनी सांगितलं त्यात एकच भर. शेंगा नीट वाळल्याची खात्री झाल्यावर हवाबंद पिशव्या मिळतात त्या वापरा. आत जाड प्लॅस्टिकच्या दोन आणि बाहेरून विणलेली एक. आतल्या हवेतला प्राणवायू संपतो आणि किडे गुदमरून मरतात, गोळीची गरज पडत नाही. पण ओलसर शेंगा त्यात भरल्या तर आत सगळं कुजेल. आधी ऊन, मग पिशवी.


कोयनाकाठ
१० जुलै, रात्री ८.२०

सगळ्यांचे आभार मानायला लिहितोय आणि काय केलं ते सांगायला.

काल व्यापारी आला. त्याला दाणे दिले नाहीत. त्याला बसवून चहा दिला आणि मिरजेच्या काकांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. तो शांतपणे ऐकत होता. म्हणाला, मला हे कुणी सांगितलं नव्हतं, मी पुढं देतो तोही कुणाला तरी देतो. गेल्या वर्षीचे सहा किलो कुणाला दिले ते त्याला आठवत नाही. त्याचा भाऊ इथून तीन गावं पलीकडं चटणी करणाऱ्यांना माल टाकतो, त्याच्याशी बोलतो म्हणाला. बोलेल की नाही मला माहीत नाही. मी पुढच्या आठवड्यात त्याला फोन करणार आहे.

आठ किलो वाईट दाणे आणि त्या दोन पोत्यांतले उरलेले सगळे, असे मिळून एकेचाळीस किलो भरले. आत्या आदल्या दिवसापासून बोलत नव्हती. शेवटी विट्याच्या घाणेवाल्या दादांनी लिहिलेलं मी तिला दोनदा वाचून दाखवलं, तेव्हा ती उठली आणि सूप घेऊन माझ्याबरोबर आली. नाकाला फडकं बांधलं, कारण त्या भुकटीचा धुरळा अंगावर येतो. बांधापलीकडं पडीक जागेत कंबरभर खड्डा घेतला, भुईमुगाच्या रानापासून लांब. दाणे, टरफलं, ती दोन्ही युरियाची पोती, सगळं त्यात टाकून माती लोटली. शेणखताच्या खड्ड्यात टाकलं नाही, तेच पुन्हा रानात आलं असतं. म्हशीला गेल्या आठवड्यात अण्णांनी माझ्या नकळत मूठ-दोन मूठ घातले होते, म्हणून चार दिवसांचं दूध ओतून देतोय. आज दुसरा दिवस.

उरलेल्या पाच पोत्यांतल्या शेंगा कानाशी हलवून बघितल्या. तीन पोत्यांत खुळखुळ आहे. दोन पोत्यांत आवाज येतो पण दाणा दाताखाली वाकतो. उद्या कराडला ओल मोजून आणतो. ऊन पडलं तर गच्चीवर, नाही पडलं तर वरच्या खोलीत पंखा लावून पसरणार. संध्याकाळी झाकायचं काम आत्यानं स्वतःकडं घेतलंय.


रानपाखरू
१० जुलै, रात्री ८.५०

कृषी कार्यालयातून माणूस येऊन गोळ्या घेऊन गेला. सहा होत्या, चार तर पूर्ण विरल्या होत्या. आई तीन दिवसांपासून डोकं दुखतंय म्हणत होती, आम्ही चष्म्याचं समजत होतो. आज दवाखान्यात नेऊन आणलं. ठीक आहे.